बर्लिनमधली ती चार चित्रं आणि समोरचा आरसा

बर्लिनला पाच दिवस होतो, त्यातले तीन पावसात आणि मेट्रोत गेले, ते सांगत बसत नाही. नोये नॅशनलगॅलरी या कलासंग्रहालयातल्या खालच्या मजल्यावरच्या, गेरहार्ड रिश्टरच्या चित्रांच्या एका खोलीबद्दल मात्र लिहायलाच हवं.

पॉट्सडामर प्लाट्झला उतरून मावसभावाबरोबर चालत गेले. रिश्टर म्हणजे पेपरातले, मासिकातले, घरच्या अल्बममधले फोटो बघून रंगवणारा आणि रंग ओला असतानाच ते पुसट करणारा चित्रकार, एवढंच डोक्यात होतं. त्याच्या मावशीला नाझींनी मारलं आणि मामा त्यांच्याच सैन्यात होता, दोघांचीही चित्रं त्याने १९६५ मध्ये अशीच फोटोवरून काढली.

पण इथे त्याचं 'बिर्केनाऊ' होतं. चार कॅनव्हास, प्रत्येक २६० बाय २०० सेंटिमीटर. ऑगस्ट १९४४ मध्ये आउशवित्झ-बिर्केनाऊ या नाझींच्या मृत्युछावणीत ज्या कैद्यांना प्रेतं जाळायच्या कामाला जुंपलं होतं त्यांनी जिवावर उदार होऊन लपूनछपून काढलेले चार फोटो, रिश्टरने ते आधी कॅनव्हासवर उतरवले, मग जमेना म्हणून वर रंग चढवत, फळीने ओढत, खरवडत गेला, आणि २०१४ मध्ये चित्रं पूर्ण झाली तेव्हा खालचा एकही माणूस दिसत नव्हता. अगदी जवळ गेलं की काळ्या-करड्यातून लाल वर येतो, मधेच हिरवा, आणि रंगाचे पोपडे ओल धरलेल्या भिंतीसारखे दिसतात.

समोरच्या भिंतीवर करडे आरसे, चित्रांएवढेच मोठे. त्यात ती चित्रंही दिसतात आणि आपणही. तिथेच एक जोडपं केस नीट करत सेल्फी घेत होतं, एक नाही, सात-आठ, हसून. इतकी चीड आली की हात थरथरायला लागले. बोलले काहीच नाही, आणि ते अजून सलतंय.

"ताई, चल ना, यात काय दिसतंय तुला?" भाऊ म्हणाला.

मी त्याला बाजूला लावलेल्या मूळ फोटोंच्या छोट्या प्रतींपाशी नेलं. त्यातल्या एकात नुसते झाडांचे शेंडे आहेत, बाकी काही नाही. "फोटो काढणाऱ्याला कॅमेऱ्यातून बघायलाही मिळालं नसेल रे," मी म्हटलं, "तसाच अंदाजाने धरून दाबलाय."

तो वाकून बराच वेळ बघत राहिला. म्युझियम आयलंड त्या दिवशी राहूनच गेलं.