त्रिस्तानहून आलेली बोट

सांतोसहून सोयाबीन भरून आमचं जहाज सिंगापूरला निघालं होतं. सहाव्या दिवशी पहाटे बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, उजव्या कुशीत हात दाबून माझ्यासमोर बसला. आमच्या दापोलीकडचाच. "साहेब, काल रात्रीपासून दुखतंय." ताप 102. जहाजावर नकाशे आणि औषधं, दोन्ही सेकंड ऑफिसरकडे असतात, म्हणजे माझ्याकडे. रेडिओवरच्या डॉक्टरांनी अपेंडिक्सचा संशय सांगितला. इंजेक्शनं सुरू करा आणि जवळचं हॉस्पिटल गाठा, म्हणाले.

केपटाऊन दीड हजार सागरी मैल, म्हणजे पाच दिवस. नव्वद मैलांवर होतं त्रिस्तान द कुन्हा, दक्षिण अटलांटिकमधलं एकाकी ब्रिटिश बेट. त्या बेटाच्या बाजूने मी चार्टवर कितीदा रेघ मारली होती. तिथे डॉक्टर असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

दुपारी ढगांखालून डोंगर दिसला. समुद्रातून थेट वर आलेला, 2,062 मीटर उंच. काळे कडे, पायथ्याशी हिरवळीची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर सगळी वस्ती. वस्तीला लागूनच 1961 च्या ज्वालामुखीचा थिजलेला लाव्हा. तेव्हा अख्खी वसाहत इंग्लंडला हलवली होती. तिथे राहायचं की परतायचं यावर त्यांनी मतदान केलं, 148 विरुद्ध 5 मतांनी परतायचं ठरलं, आणि 1963 मध्ये लोक घरी आले. तो कडा पाहताना मला त्या मतांचं वजन कळलं.

त्यांच्या बंदरात फक्त छोट्या बोटी शिरतात, त्याही लाट परवानगी देईल तेव्हाच. कॅप्टनने जहाज आडवं धरून आडोसा केला. लाटेबरोबर त्यांची बोट आमच्या डेककडे चढायची आणि पुन्हा खोल जायची. 1885 मध्ये अशाच एका जाणाऱ्या जहाजाला गाठायला इथले 15 पुरुष बोटीने निघाले, त्यातला एकही परतला नाही. तरीही हे लोक आमच्यासाठी बाहेर आले होते. स्ट्रेचर क्रेनने खाली सोडलं. चार हातांनी ते झेललं, आणि एकाने लगेच बोसनच्या कपाळावरचं पाणी पुसलं.

बोसनला नेलं त्या हॉस्पिटलचं नाव कामोली. ते इटलीतलं गाव. 1892 मध्ये इथे फुटलेल्या 'इटालिया' जहाजावरचे तिथले दोन खलाशी बेटावरच राहिले. खरं तर ही वसाहतच अशी घडली. सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनला इथून कुणी सोडवू नये म्हणून 1816 मध्ये ब्रिटिशांनी सैन्य आणलं. पुढे ते हललं, पण विल्यम ग्लास नावाचा कॉर्पोरल बायकोमुलांसह मागे राहिला. मग व्हेलचे शिकारी आले, फुटलेल्या जहाजांवरचे आले.

बोसनचं ऑपरेशन त्याच रात्री झालं. पुढे मासेमारीच्या जहाजाने तो केपटाऊनला पोचला आणि तिथून त्याचा फोन आला. एक आजी रोज त्याला स्वतःच्या वाफ्यातले बटाटे उकडून आणायच्या. तुझ्या गावात किती माणसं, असं त्यांनी विचारलं. हा म्हणाला, छोटंच गाव आहे, बाराशे.

"साहेब, त्यांनी मला दोनदा विचारून खात्री केली. त्यांच्याकडे अडीचशेसुद्धा नाहीत."