नॅनो हळद आली, मग हार्टच्या गोळ्या सोडू का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नात, एसटीत, फॅमिली ग्रुपवर, इतकंच काय, दिवसकार्याला जमलेल्यांनीही विचारलंय: "तू नॅनो हळदीवर काम करतेस ना? मग ती घेऊन रक्त पातळ करायच्या गोळ्या सोडल्या तर चालेल?" नाही चालणार. त्यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग तुम्ही तिथे लॅबमध्ये करता तरी काय?"

हळदीतला पिवळा घटक म्हणजे कर्क्युमिन. ते पाण्यात विरघळत नाही आणि जे थोडंफार शोषलं जातं त्याचं रूप आतड्याची भिंत आणि यकृत पालटून टाकतात. ग्रॅमच्या हिशोबाने खाल्लं तरी रक्तात नावापुरतं सापडतं, आणि हळदीत ते असतं शेकडा ३ च्या आसपास. दूध-हळद जरूर प्या, पण हृदय तिच्या भरवशावर सोडू नका. म्हणून आम्ही कर्क्युमिन कायटोसॅनच्या बारीक कणांत गुंडाळतो, तीच नॅनो हळद. कायटोसॅन कोळंबीच्या टरफलांतून निघतं, आणि रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदराजवळ राहणाऱ्यांना ती टरफलं कुठून येतात हे सांगायला नको. आम्लात त्यांचं कॅल्शियम जातं, अल्कलीत प्रथिनं, मग कडक कॉस्टिक सोड्यातून काढली की पांढरट पापुद्रे उरतात. ते सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवायचे, कर्क्युमिन मिसळायचं आणि ढवळत ढवळत फॉस्फेटचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. बघता बघता द्रावण दुधाळ होतं. कण तयार झालेले असतात. काहीशे नॅनोमीटरचे. केसाची जाडी ८० हजारांच्या घरात असते, त्यावरून अंदाज करा. कणांवर धन विद्युतभार असतो, म्हणून ते आतड्याच्या बुळबुळीत अस्तराला चिकटून राहतात आणि कर्क्युमिनला आत शिरायला वेळ मिळतो. ते दुधाळ होणं मला अजूनही थांबून बघावंसं वाटतं.

आता काकांचं सांगते. देवरुखजवळच्या वाडीत राहतात. कोल्हापूरला स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवला, डॉक्टरांनी रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या वर्षभर चुकवायच्या नाहीत असं बजावलं. काही महिन्यांनी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, हातावर काळेनिळे डाग उठले. कुणीतरी नॅनो हळदीचे थेंब आणून दिले. मी फोनवर सांगितलं, गोळ्या सोडू नका, डाग डॉक्टरांना दाखवा. "बरं," म्हणाले. आणि सोडल्या. पावसाळ्यात मध्यरात्री छातीत दुखायला लागलं. कोल्हापूरला नेताना साखरप्यापर्यंत घाम पुसत बसले होते, आंबा घाटात धुकं इतकं की ड्रायव्हर खिडकीबाहेर डोकं काढून गाडी हाकत होता. स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. आयसीयूबाहेर काकीने पिशवीतून ती बाटली काढून माझ्या हातात दिली. लेबलवर लाल हृदय, त्यावर हळदीचं पान, खाली 'संपूर्ण शोषण'. कर्क्युमिन किती, कण केवढा, काही नाही. अगदी बारीक अक्षरांत मिरीचा अर्क. "अगो, तुझ्यासारखीच शिकलेली माणसं करतात ना हे?" काकी म्हणाली. मी कणाच्या आकाराबद्दल, चाचण्यांबद्दल काहीतरी बोलायला लागले. ती दाराकडे बघत होती. काका वाचले. हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलंय, आंब्याच्या कलमांत जाणं बंद झालंय.

ती बाटली आमची नव्हती. हे मी मनातल्या मनात पुष्कळदा म्हटलंय. पण 'नॅनो' हा शब्द माणसाला धीर देतो आणि तो शब्द आमच्याकडूनच बाहेर गेलाय, हेही खरं.

झाडपाल्याला हसणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगाने ते घेतलं. पण त्यांनी रुग्ण तपासून मांडलं होतं.

पूर्वी मी व्याख्यानांत ठासून सांगायचे की अडचण फक्त कर्क्युमिन रक्तात पोचण्याची आहे. तेव्हाची मी आजही माझ्याशी वाद घालते. ती म्हणते, २००८ मध्ये जपानमध्ये उंदरांचं निकामी होत चाललेलं हृदय कर्क्युमिनने सावरलं. २०१२ मध्ये थायलंडमध्ये बायपासच्या १२१ रुग्णांत ऑपरेशननंतरचे हार्ट अटॅक ३० टक्क्यांवरून १३ वर आले. मी म्हणते, कॅनडात पोटातल्या महाधमनीच्या ऑपरेशनच्या ६०६ रुग्णांवर कर्क्युमिन तपासलं, २०१८ मध्ये निकाल आला: फायदा नाही, उलट मूत्रपिंडाला इजा १० टक्क्यांऐवजी १७ टक्क्यांना. ती म्हणते, ते ऑपरेशन वेगळं, हृदयाचं नव्हे. बरोबर आहे तिचं. पण मग अमेरिकेत हळदीच्या कॅप्सूलांनी यकृत बिघडलेले रुग्ण, ज्यांतल्या काही कॅप्सूलांत शोषण वाढवायला मिरीचा अर्क होता, त्यांचं काय? जे जास्त पोचतं ते यकृतातही जास्तच पोचतं. तिच्याकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. म्हणूनच मी काम सोडलेलं नाही.

तोवर तुमच्याकडे अशी बाटली असेल तर ती पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवा, लेबलासकट. गोळ्यांचं काय करायचं ते त्यांना विचारा. मला नको.