रिपोर्टवर पास लिहिलंय, पण आकडे वाचलेत का?

घरच्या वायरिंगची तपासणी झाली की हातात एक तक्ता येतो, त्यात ओहम, मेगाओहम, मिलीसेकंद असं बरंच काही आणि शेवटच्या रकान्यात पास. बरेच जण तेवढंच बघून कागद फायलीत टाकतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण आकडा एकटा काही सांगत नाही, त्याच्या शेजारचे आकडे आणि बोर्डात बसवलेली एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच, बघून तो वाचायचा असतो.

आधी इन्सुलेशन, म्हणजे वायरमन ज्याला मेगर मारणं म्हणतात ते. सप्लाय बंद करून ५०० व्होल्ट डीसी देतात आणि वायरच्या आवरणातून किती गळतंय ते बघतात. किमान १ मेगाओहम हवा, म्हणून २ आला तरी पास. पण समजा बाकी सगळ्या सर्किटला ५०० च्या वर आलंय आणि एकट्या गिझरच्या सर्किटला २, मग? २ मेगाओहमला २३० व्होल्टवर जेमतेम ०.१ मिलिअँपिअर गळती होते, म्हणजे आज धोका नाही, पण हे एकच सर्किट वेगळं का हे विचारायलाच हवं. गिझर सोडवून परत मेगर मारायचा. आकडा एकदम वर गेला तर हीटिंग एलिमेंटने ओल धरलीय, तिथेच राहिला तर वायरमध्ये नाहीतर एखाद्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलंय का ते शोधायचं. उलटंही होतं बरं का, सर्ज प्रोटेक्टर किंवा डिमर तसाच जोडलेला राहिला तर काही बिघाड नसताना आकडा खाली येतो, म्हणून टेस्टच्या वेळी काय जोडलेलं होतं हे रिपोर्टवर लिहून घ्याच.

आता लूप इम्पिडन्स, म्हणजे फेजपासून अर्थच्या वायरीने परत येणाऱ्या वाटेचा एकूण अडथळा, हा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फेज अर्थला चिकटला तर किती करंट वाहील ते यावरून कळतं. समजा ०.९ ओहम आलंय. २३० भागिले ०.९, म्हणजे साधारण २५५ अँपिअर. बी टाइपची ३२ अँपिअरची एमसीबी झटक्यात पडायला, म्हणजे ट्रिप व्हायला, १६० पुरतात, त्यामुळे काम झालं. पण सारखी ट्रिप होते म्हणून मधल्या काळात कोणी तिथे सी टाइपची ३२ लावून गेलं असेल तर तिला खात्रीने पडायला ३२० लागतात, म्हणजे तोच ०.९ आता नापास! एमसीबी काही सेकंद तापून मग पडेल आणि तेवढा वेळ उपकरणाची बॉडी लाइव्ह राहील. म्हणून एमसीबी बदलली की जुना रिपोर्ट चालत नाही, त्या सर्किटची लूप परत तपासून घ्या.

आणि जिथे अर्थिंग फक्त जमिनीतल्या रॉडवर आहे तिथे लूप ४० ओहमसुद्धा येऊ शकतो. २३० भागिले ४०, पावणेसहा अँपिअर, एवढ्यावर १६ ची एमसीबीसुद्धा पडणार नाही. अशा घरात सगळी भिस्त आरसीसीबीवर, म्हणजे अर्थकडे थोडा करंट गळला तरी सप्लाय तोडणाऱ्या स्विचवर, ती नसेल तर रिपोर्टवर काहीही लिहिलेलं असो, आधी ती बसवा.

आरसीसीबीचे आकडे सोपे आहेत. ३० मिलिअँपिअरवाली ३० वर ३०० मिलीसेकंदांत पडायला हवी, १५० वर ४० च्या आत, आणि १५ वर पडायलाच नको. १५ वर पडली तर लगेच तिला खराब ठरवू नका, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर सगळ्यांची थोडी थोडी गळती आधीच तिच्यातून जात असते, लोड काढून परत टेस्ट करा. तिच्यावरचं टेस्टचं बटण मात्र अधूनमधून दाबत राहा, फक्त त्याने आतली यंत्रणा हलते एवढंच कळतं, किती वेळात पडली ते नाही आणि अर्थची वायर जागेवर आहे का तेही नाही, त्यासाठी मीटरच लागतो.