अप्पांना विकेट उशिरा कळायची

मार्चमध्ये अप्पांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची कॉट मागच्या खोलीत गेली. आमचं घर कसब्यातल्या जुन्या वाड्यात, दोन खोल्यांमध्ये दीड हात जाडीची भिंत. त्यांना मॅच बघता यावी म्हणून मागे जुना बत्तीस इंची टीव्ही लावला आणि त्यावर ॲप चालू करून दिलं. पुढच्या खोलीत डिश, मागे इंटरनेट.

पहिल्याच मॅचला पुढे विकेट पडली, पोरं ओरडली, आणि अप्पांच्या टीव्हीवर आधीचाच बॉल चालू होता. मोजलं तर तब्बल ३२ सेकंदांचा फरक. इंटरनेटवरून चित्र काही-काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं, आणि मध्ये अडकू नये म्हणून ॲप आधी थोडे तुकडे साठवून ठेवतं. तेवढा उशीर होतोच. थोड्या वेळाने अप्पा म्हणाले, "दार लोटून घे रे. आधीच कळल्यावर बघायचं काय?"

दार लोटताना जिवाला लागलं. पडून असलेल्या माणसाला घरातला आवाजच नकोसा व्हावा!

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. केबलवाल्याची एक वायर यायची, तिला स्वस्तातला स्प्लिटर लावला की दोन टीव्ही चालायचे. मुंग्या थोड्या वाढायच्या, पण दोन्हीकडे चित्र एकाच क्षणी. पुण्यात केबल डिजिटल करायची ३१ मार्च २०१३ ही मुदत आली आणि टीव्हीमागे एक सेट-टॉप बॉक्स हा हिशोब सुरू झाला. मला दुसऱ्या बॉक्सचा महिन्याचा खर्च नको होता. त्याच बॉक्समधून मागच्या खोलीत चित्र न्यायचं ठरवलं.

आधी एचडीएमआय स्प्लिटर आणि १५ मीटरची केबल आणली. पडद्यावर पांढरे ठिपके चमकले, मग पडदा काळा. फुल एचडी चित्राला सेकंदाला साडेचार गिगाबिटच्या आसपास वेग लागतो, साध्या लांब केबलला तो झेपत नाही. आणि डिजिटलमध्ये मुंग्यांसारखी मधली अवस्था फार थोडी: एक तर स्वच्छ दिसतं, नाही तर जातंच.

मग कॅट-६ वायरवरून, म्हणजे पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असलेल्या नेटवर्कच्या वायरवरून, चित्र नेणारा एक्स्टेंडर घेतला. वायरमनने केसिंग पट्टीतून वायर ओढली, दोन्ही टोकांना पिना मारल्या, टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले. तरी चित्र मिनिटा-मिनिटाला जायचं. रात्री टॉर्च धरून पिन पाहिली. वायरमनने हिरवी जोडी शेजारी-शेजारी, निळीही शेजारी-शेजारी घातली होती. दोन्ही टोकांना तशीच. टेस्टर फक्त तार पोचली की नाही एवढंच बघतो. पण पिनेतल्या तिसऱ्या आणि सहाव्या जागी एकाच जोडीच्या तारा हव्यात, कारण पीळ असलेली जोडीच बाहेरचा त्रास परतवते. पिना कापून पुन्हा मारल्या: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. चित्र टिकलं ते टिकलंच.

आता पुढच्या टीव्हीचं चित्र भुरकट झालं. बॉक्स प्रत्येक टीव्हीला "तुला काय झेपतं?" असं विचारतो, आणि स्प्लिटरने मागच्या जुन्या टीव्हीचं उत्तर दोघांसाठी पुढे केलं होतं. स्प्लिटरवरचं बटण सरकवून पुढच्या टीव्हीचं उत्तर कायम केलं. जुन्या टीव्हीनेही ते चित्र निमूट घेतलं.

शेवटी राहिला आवाज. दार उघडं ठेवलं की कॉमेंट्री दोनदा ऐकू यायची. पुढचा साउंडबार ब्लूटूथवर होता, तो मागे पडत होता. त्याला वायर लावली. आवाज हवेतून दहा मीटर यायलाच तीस मिलिसेकंद घेतो, तेवढं कानाला चालून जातं.

एक अडचण आहेच: दोन्हीकडे एकच चॅनल. अप्पांच्या रिमोटचा सिग्नल त्याच वायरीवरून पुढच्या बॉक्सपर्यंत पोचतो, त्यामुळे सात वाजता ते बातम्या लावतात आणि सगळ्या घराला बातम्या. मुलीला ते आवडत नाही. पण गेल्या रविवारी शेवटच्या ओव्हरला "गेला, गेला!" हे आधी मागच्या खोलीतून आलं, आणि आम्ही पुढचे सगळे त्याच दमात ओरडलो. दार सताड उघडं होतं.