जावा 250: स्टँडची दुसरी आवृत्ती

गेल्या रविवारी जावा मोटरसायकल स्टँडवर चढवून इंजिन उतरवलं. शेवटचा बोल्ट निघाला, इंजिन फळीवर ठेवलं आणि वळून बघतो तर पुढचं चाक आपसूक वर चाललंय. धाकट्याने धावत जाऊन हँडल दाबून धरलं म्हणून वाचलो. मडगार्डला एक पोचा आला, तेवढ्यावर भागलं.

गाडी काकांची, म्हैसूरला बनलेली. सेंटर स्टँडवर काम करायची सोयच नव्हती, त्याच्या पिव्हटची (तो ज्या पिनवर फिरतो तिची) भोकं घासून पार ओव्हल झाली आहेत. म्हणून स्क्रूने वर-खाली होणारा कात्री स्टँड सेकंडहँड घेतला. तो आजकालच्या गाड्यांचा, दोन सपाट हातांचा. जावाच्या पोटाखाली फुटरेस्टचा आडवा रॉड येतो, त्यामुळे फ्रेम हातांवर टेकतच नाही. सुताराकडून बाभळीचे दोन ठोकळे करून घेतले, रॉडपुरती खाच पाडली आणि वर पिठाच्या गिरणीच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे चिकटवले. रबरापेक्षा हा पट्टा झकास, ग्रीस लागलं तरी फ्रेम घसरत नाही. इंजिन बसलेलं होतं तोवर गाडी ढिम्म हलली नाही.

पण पुढचं वजन गेल्यावर तोल मागे जाणार हे आधी सुचायला हवं होतं. मान्य.

आता मागे आधार जोडायचा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वेल्डिंग करणाऱ्या मामांकडे गेलो. स्टँडच्या बुडाला 50 मिमीचा चौकोनी पाईप जोडून त्यात 40 चा सरकवायचा, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येते. 50 ची जाडी 3 मिमी, आत 44 ची जागा, त्यात 40 चा पाईप खुळखुळतो. दोन बाजूंना दीड मिमीची पट्टी टाकल्यावर घट्ट बसला. वर उभा खांब आणि त्यावर स्विंगआर्मसाठी (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा भाग) यू आकाराचा आधार, असं माझं चित्र.

मामांनी कागद बघितला. "आणि शॉक काढल्यावर?"

मी गप्प. शॉक, म्हणजे मागचे शॉक अब्सॉर्बर, निघाले की स्विंगआर्म बिजागरीसारखा झुलणार, मग त्याच्याखालचा आधार काय कामाचा? शिवाय बुश (पिनेवरच्या नळ्या) काढायला स्विंगआर्मही उतरवायचा आहेच. यू रद्द. आता दोन खांब आहेत आणि त्यांच्या पट्ट्या शॉकच्या वरच्या बोल्टच्या जागी थेट फ्रेमला बोल्टने कसल्या जातात.

वेल्डिंगच्या वेळी मामांनी आधी चारी कोपऱ्यांना नुसते टाके मारले, मग समोरासमोर थोडं थोडं भरत गेले. तरी एक पाय 4 मिमी वर राहिलाच. माझ्या शेडातली शहाबादी तशीही वाकडी, म्हणून चारी पायांना 12 मिमीचे नट वेल्ड करून बोल्ट लावले. पाना फिरवला की लेव्हल.

काल पुढचं चाक, फोर्क, मागचं चाक सगळं उतरवलं. फ्रेम हाताने ढकलून पाहिली, हलली नाही. मात्र इंजिन परत बसल्यावर या स्टँडवर किक मारणार नाही. जावाची किक डावीकडे, सगळा जोर एका अंगावर येतो, आणि ठोकळे फ्रेमला नुसते टेकलेले आहेत, बांधलेले नाहीत.

स्विंगआर्मची पिन तेवढी अजून जाम आहे. तीन दिवस डिझेलात भिजतेय.