सनमायकाच्या ओट्यात सिंकचं भोक: काम कुठवर आलं

बहिणीच्या इंदिरानगरच्या घरातल्या दुसऱ्या ओट्याला सिंकचं भोक पाडून झालं. नाशकात ओटा म्हणजे ग्रॅनाइट आणि भोक पाडायचं काम फरशीवाल्याचं. हा ओटा मात्र १९ मिमीच्या बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्लायवर १ मिमी सनमायका चिकटवून केलाय, त्यामुळे सगळं घरच्या घरी करता आलं.

आखणीवर फार लिहीत नाही. सिंकच्या खोक्यात कागदी फर्मा मिळतो. कापायची रेघ आतली, काठाची बाहेरची. पुढच्या कडेपासून ६० मिमी सोडले आणि खालच्या कपाटाची आडवी पट्टी मध्ये येत नाही ना, ते वाकून बघितलं.

खरी मेख कोपऱ्यांत आहे. सनमायका कडक आणि ठिसूळ. काटकोनात कापलं की सगळा ताण त्या टोकाशी गोळा होतो आणि कधी ना कधी तिथूनच बारीक चीर निघते. कोपऱ्याला निदान ३ मिमी त्रिज्येची गोलाई हवीच. मी चारही कोपऱ्यांत १२ मिमीची भोकं पाडली, भोकाची कड दोन्ही रेघांना जेमतेम टेकेल अशी. खालून टाकाऊ प्लायचा तुकडा क्लॅम्पने आवळला होता, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना शेवटचा थर फाडतं. जिगसॉचं (वरखाली चालणाऱ्या विजेच्या करवतीचं) पातं आत घालायलाही हीच भोकं कामी येतात.

जिगसॉचं साधं पातं वर येताना कापतं, म्हणून टवके नेमके दिसणाऱ्या बाजूला उडतात. ओटा सुटा असेल तर उलटा करून मागून कापावा. हा जागेवर बसलेला, म्हणून उलट्या दातांचं टी १०१ बीआर पातं लावलं. ते मशीन वर ढकलतं, त्यामुळे मशीन दाबून धरावं लागतं. पेंड्युलम (पात्याचा पुढेमागे झोका) शून्यावर, रेघेवर मास्किंग टेप, मशीनच्या तळालाही टेप म्हणजे ओरखडे पडत नाहीत.

रेघेच्या आत २ मिमी ठेवूनच कापलं. दोन्ही लांब बाजू झाल्यावर त्यांच्यावरून आडवी पट्टी टाकली आणि मधल्या तुकड्याला स्क्रूने पकडली. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: शेवटच्या क्षणी तुकडा लोंबकळला की जाताना कडेची सनमायका घेऊन जातो.

उरलेले २ मिमी ट्रिमरने (कडा तासायच्या छोट्या राउटरने) काढले. रेघेवर सरळ पट्ट्या बसवून, वर बेअरिंग असलेलं १२ मिमीचं बिट (बेअरिंग पट्टीला टेकून फिरतं), आणि भोकाच्या आत ट्रिमर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. टेप काढल्यावर कडेला सनमायकाची गर्द तपकिरी रेघ अखंड दिसली. नख फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. फार समाधान वाटलं!

बीडब्ल्यूपीचा डिंक पाण्याने सुटत नाही, पण कापलेल्या कडेचं लाकूड पाणी पितंच. सिंकचा काठ कड झाकतो, एवढ्यावर विसंबून ती कोरी सोडू नका. हवेत पावसाचा ओलावा होता, त्यामुळे आधी ड्रायरने वाळवली, मग इपॉक्सीचे दोन हात, कोपऱ्यांत जरा जास्तच. सिलिकॉन मात्र सिंक बसवताना लावायचं.

आता नळाचं ३५ मिमीचं भोक बाकी आहे. होल सॉचं (गोल भोक कापणाऱ्या वाटीसारख्या करवतीचं) मधलं ड्रिल आरपार जाऊ द्यायचं, वरून अर्धं कापायचं आणि उरलेलं कपाटात शिरून खालून.