हत्तींच्या मेळाव्याला, भर थंडीत

जानेवारीअखेर जर्मनीत मोटरसायकलवर दिसलात की पेट्रोल पंपावरची माणसं तुमच्याकडे जरा काळजीने बघतात. मी हॅम्बुर्गहून निघालो होतो एलेफांटनट्रेफेनला, म्हणजे हत्तींच्या मेळाव्याला. बव्हेरियातल्या जंगलात, थुरमान्सबांग गावाजवळ तो भरतो. अंतर सुमारे ८०० किलोमीटर.

हत्ती अर्थातच लोखंडी. १९५६ साली एर्न्स्ट लेव्हरकुस या मोटरसायकल पत्रकाराने त्सुंडाप या जर्मन कंपनीची केएस ६०१ मोटरसायकल चालवणाऱ्यांना ऐन हिवाळ्यात स्टुटगार्टजवळ सॉलिट्यूडला बोलावलं. ६०० सीसीची, साइडकार ओढायला दणकट अशी ती गाडी. तिला 'हिरवा हत्ती' म्हणत. पुढे मेळावा नुरबुर्गरिंगला, म्हणजे शर्यतींच्या ट्रॅकवर गेला, आणखी फिरला आणि १९८९पासून इथल्या लोह नावाच्या वस्तीखालच्या दरीत स्थिरावला. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात कुणी एनफील्डची ५० सीसी एक्सप्लोरर उडवली असेल, तर तीही याच त्सुंडापच्या घराण्यातली बरं का.

पहिला टप्पा ए-७ महामार्गाने वुर्झबुर्गपर्यंत. हॅनोव्हरपर्यंतचा सपाट प्रदेश कंटाळवाणा, पण कोरडा होता. खरी थंडी लागली कासेलच्या चढउतारांवर. पारा शून्यावर असताना ताशी १००ने गेलात, तर उघड्या कातडीला उणे १० वाटतं. थर्मल, लोकर, त्यावर जाकीट, सगळ्यावर रेनसूट. एवढं चढवल्यावर माणूस हातपाय असलेलं गाठोडं दिसतो. तरी बोटं आधी जातात. गरम होणारे ग्रिप तळव्याला ऊब देतात, वारा मात्र बोटांच्या मागून खातो. म्हणून हँडलवर मफ, म्हणजे हात आत घालायचे जाड खोळे, हवेतच. दिसायला भिकार, पण त्यांच्याइतकी कामाची दुसरी वस्तू सामानात नव्हती. वुर्झबुर्गला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ए-३ने न्यूरेनबर्ग, रेगेन्सबुर्ग, डेगेनडोर्फ. तिथून पुढे महामार्ग सोडला की मीठ टाकलेले, ओले, वळणांचे रस्ते. ब्रेक नाजूक हाताने, गिअर वरचा आणि नजर सावलीतल्या वळणांवर. काळा बर्फ, म्हणजे डांबरावर न दिसणारा पातळ थर, तिथेच दबा धरून असतो.

आणि मग ती दरी. लोक तिला 'चेटकिणीची कढई' म्हणतात. खरंच कढईसारखी, जड, थंड हवा चारी बाजूंनी उतरून तळाशी साठते. तंबू ठोकायचा तो बर्फावरच, पण आधी पेंढा अंथरायचा. पेंढा आणि सरपण तिथेच विकत मिळतं. पेंढ्यात कंजूषी करू नका, अंगाखाली जाड थर हवा. थंडी वरून येते त्यापेक्षा जमिनीतून जास्त येते.

शेजारी इटलीहून आलेली टोळी होती. एकाच्या हेल्मेटवर शिंगं, दुसऱ्याच्या अंगावर मेंढीचं कातडं, आणि साइडकारमध्ये चक्क लोखंडी चूल. पलीकडे एक पिकल्या दाढीचे आजोबा जुन्या एमझेड या पूर्व जर्मन मोटरसायकलचा प्लग साफ करत बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठून आलास?"

"हॅम्बुर्गहून."

"ते नंबरप्लेटवर दिसतंय. मूळचा?"

"सातारा. भारतात."

"तिकडे बर्फ पडतो?"

"नाही."

"मग बस, सूप घे," म्हणाले आणि मग पुढचा तासभर माझ्या चेनला कोणतं तेल घालावं यावर प्रवचन झोडलं.

गोव्याच्या रायडर मेळाव्यांची सवय असलेल्याला इथे चुकल्यासारखं होईल. तिकडे स्टेज, गाणी, नव्या गाड्यांचं प्रदर्शन. इथे शेकोटी पेटती ठेवणं हाच मुख्य उद्योग. मला हे फार आवडलं. करमणूक नसल्यामुळे माणसं एकमेकांच्या शेकोटीवर जाऊन बसतात, लाकूड मागतात, पाना मागतात, आणि त्यातून ओळखी होतात. शनिवारी संध्याकाळी मात्र मशाली घेऊन मिरवणूक निघते, रस्त्यावर जीव गमावलेल्या स्वारांच्या आठवणीत. तेवढ्यापुरतं इंजिनांचं भुंकणं थांबलं.

रात्री बॅटरी काढून स्लीपिंग बॅगमध्ये घेतली. गारठलेली बॅटरी सकाळी स्टार्टर फिरवत नाही. रविवारी माझी गाडी लगेच सुरू झाली, इटलीवाल्यांची नाही. चढावर सगळे मिळून त्यांची साइडकार ढकलत होतो, चुलीसकट, कारण ती अजून गरम होती आणि उतरवायला कुणी तयार नव्हतं.